एकविसावं मत

परवा दुपारी दुकानावरून प्रचाराची रिक्षा गेली. टपावर भोंगा, भोंग्याला कालची झेंडूची माळ, आणि आतला माणूस इतक्या कंटाळलेल्या आवाजात गावाचा विकास सांगत होता की ऐकता ऐकता विकासालाच झोप लागावी. तिच्यामागून कांद्याच्या रोपांच्या जुड्या भरलेला ट्रॅक्टर, त्यात रोपं सांभाळत बसलेल्या सात-आठ बाया. रिक्षा वेशीकडे वळली, ट्रॅक्टर सरळ मळ्याकडे गेला, आणि रस्त्यावर थोडा वेळ धूळ आणि ओल्या रोपांचा तिखट वास राहिला. ब्लाऊजपीसच्या घड्या घालता घालता माझे हात थांबले. सरपंचपदाची निवडणूक लागलीय हे आठवडाभर कानावर होतं, पण ते आत पोचलं ते त्या वासानं.

पाच वर्षांपूर्वीची थंडीही अशीच होती. सकाळी उसाच्या पाचटावर दव, दुपारी उन्हात पाठ चटकायची आणि सूर्य कलला की शाल शोधावी लागायची. आण्याच्या पठारावरून वारा खाली उतरतो तो आमच्या गावात आधी येतो, मग पुढे निमगाव सावाकडे जातो, असं आमच्या गावची माणसं अभिमानानं सांगतात. वाऱ्यात अभिमान वाटण्यासारखं काय आहे ते मला लग्नाला तीस वर्षं होऊनही कळलेलं नाही. मी घोडेगावची. माहेरचं दुकान तहसील कचेरीच्या रस्त्याला. कागद हातात धरून उन्हात बसलेली माणसं पाहतच मी मोठी झाले. तिकडे डोंगर जवळ, पाऊस जास्त, भात पिकतो. इकडे आले तेव्हा मोकळं आभाळ आणि कोरडी हवा पाहून मला चार दिवस उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

गावात आमची, म्हणजे मारवाडी जैनांची, तीन घरं. पणजोबा राजस्थानातून आले म्हणतात, पण घरात आता कुणाला तिकडची बोली धड येत नाही. मला सगळं गाव भाभी म्हणतं. आमचं कापडाचं दुकान, त्यामुळे बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्यांना आमची पायरी चढावी लागते. सासऱ्यांचा, म्हणजे गावच्या मोठ्या शेठचा, एक नियम होता. ते म्हणायचे, दुकानाला मत नसतं. निवडणुकीत कुणीही आलं तरी चहा द्यायचा, सगळं ऐकून घ्यायचं आणि शेवटी म्हणायचं, "आपण काय, गावाबरोबर." हे वाक्य ते असं काही म्हणायचे की समोरचा प्रत्येक उमेदवार खूश होऊन जायचा. सासरे गेले. नियम मात्र गल्ल्यावरच्या त्यांच्या फोटोइतकाच जागच्या जागी राहिला.

त्या साली सरपंच थेट लोकांमधून निवडायचा होता आणि जागा बाईसाठी राखीव निघाली होती. झालं, पाच बाया उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या म्हणजे चौघींना उभं केलं. माजी सरपंचाची सून, सोसायटीच्या चेअरमनची बायको, एका पुढाऱ्याची पुण्याहून गाडीत घालून आणलेली वहिनी, चौथी शालन. पाचवी तेवढी आपल्या पायांनी उभी राहिली, ती सुमन.

पाचही जणींनी फोटोसाठीची साडी माझ्याकडून घेतली. तो आठवडा मी विसरणार नाही. प्रत्येकीचा एकच प्रश्न, "भाभी, तिनं कुठला रंग नेला?" मी सांगायची नाही. कापडवाल्याच्या पोटात गावाच्या निम्म्या गोष्टी असतात आणि त्या तिथेच राहिल्या तर धंदा टिकतो. चार दिवसांनी फ्लेक्स लागले. पाचही जणींच्या डोक्यावर पदर, पाचही जणींचे हात जोडलेले, आणि चौघींच्या मागे त्यांच्यापेक्षा मोठे नवरे. एका फ्लेक्सवर तर नवरा, सासरा, दीर आणि तीन नेते मावल्यावर कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथे उमेदवार होती. आमचे हे म्हणाले, "साडी तरी दिसायला पाहिजे होती, आपली जाहिरात झाली असती."

सुमनच्या फ्लेक्सवर सुमन एकटी होती. तिला चिन्ह मिळालं पंखा, शालनला कपाट. ऐन थंडीत पंखा. गावानं चेष्टेला काही कमी केलं नाही. पण सुमन ओशाळणाऱ्यातली नाही. म्हणायची, "आत्ता हसा. उन्हाळ्यात घाम पुसत याल माझ्याकडं."

शालन आणि सुमन या जावा. शालन थोरली, सुमन धाकटी. मी या गावात आले त्यानंतर पाच-सहा वर्षांनी एकेक करून त्या आल्या आणि मग दुकानात येताना कायम जोडीनं. एकीनं साडी निवडायची, दुसरीनं नाक मुरडायचं. कांद्याच्या लागवडीला दोघी एका वाफ्यात बसायच्या आणि इतक्या झपाट्यानं पुढे सरकायच्या की बाकीच्या बाया म्हणायच्या, यांना वेगळं करा, आमचं मातेरं करत्यात. मग वाटण्या झाल्या. भावाभावांची चूल वेगळी झाली, थोरला वस्ती सोडून गावात वरच्या आळीला आला, तरी जावांचं येणं-जाणं होतं. ते तुटलं एका रस्त्यापायी.

सुमनचं घर मळ्यातल्या वस्तीवर. वस्तीवरच्या पोरांना शाळेत यायचं तर दोन्ही बाजूंनी ऊस, मधून बैलगाडीची अरुंद वाट. आमच्या भागात उसात बिबट्या असतो. वाघरू म्हणतात त्याला, आणि पाऊस कधी येणार याची करावी तशी त्याची चर्चा करतात. त्या वर्षी त्यानं वस्तीवरची दोन वासरं नेली. पोरांच्या आया हातात काठी आणि डबा घेऊन, डबा वाजवत पोरांना शाळेत सोडायच्या आणि डबा वाजवत परत न्यायच्या. वाट रुंद करायची, दिवे लावायचे, तर दोन्ही बाजूंची चार-चार फूट जमीन हवी. ती जमीन सुमनच्या थोरल्या दिराची, म्हणजे शालनच्या नवऱ्याची. तो नाही म्हणाला. ग्रामपंचायतीत त्याचीच माणसं, म्हणून तीही नाही म्हणाली. सुमन तीन ग्रामसभांना बोलली. चौथ्या वेळी कुणीतरी म्हणालं, लई येतंय तर उभी ऱ्हा की सरपंचाला. ती खरंच उभी राहिली. आणि तिला पाडायला दिरानं शालनला उभं केलं.

अर्ज भरायच्या आदल्या दिवशी सुमन दुकानात आली. तिचा नवरा चाकणला कंपनीत, पाळीवर. ती एकटीच फॉर्म घेऊन हिंडत होती.

"भाभी, फारमावर सूचक लागतो एक. तुमी करा सही."

मी म्हटलं, "सुमन, तुला आमचं ठाऊक आहे. मोठ्या शेठनी कधी कुणाच्या कागदावर सही केली नाही."

"मोठं शेठ न्हाईत आता. तुमी हायेत."

मी मीटरची पट्टी उचलून परत ठेवली. तिनं फॉर्मची घडी करून पिशवीत घातली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सही नाही, पण मत तुलाच."

"मंग झालं की," ती म्हणाली. "सही काय, कुनीबी करील."

सही गिरणीवाल्या म्हाताऱ्यानं केली. त्याला कुणाची भीती नव्हती, कारण दळण सगळ्यांनाच लागतं. कापडही सगळ्यांना लागतंच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

संक्रांत मध्येच आली. त्या वर्षी हळदीकुंकवाचा नुसता सुकाळ. पाच उमेदवार, पाच हळदीकुंकू. वाणात स्टीलचे डबे, प्लास्टिकचे टब, एकीकडे तर चक्क पातेली. बाया एका घरातून निघून दुसऱ्या घरात जात होत्या आणि सगळीकडे तीळगूळ घेऊन गोड बोलत होत्या. कपाटाच्या हळदीकुंकवात, म्हणजे शालनच्या, तिच्या नवऱ्यानं देव्हाऱ्यापुढे भंडाऱ्याची वाटी ठेवली होती. इकडे देवाचा भंडारा उचलला म्हणजे शब्द दिला, मग तो मोडायचा नाही. मोडला तर देव बघून घेतो. एकेक बाई चिमूटभर भंडारा उचलत होती आणि कपाळाला लावत होती. माझी पाळी आली तेव्हा तो हसून म्हणाला, "भाभीला न्हाई, भाभीचा देव येगळा." मी सुटले म्हणून हसले. बाहेर आल्यावर एका म्हातारीला मी विचारलं, "मावशी, तुम्ही तर तिघींकडे भंडारा उचललात, आता काय?" ती म्हणाली, "देव समदीकडं एकच हाय बाई. त्याला म्हाईत हाय मी कोनाला देनार ते. त्यानं मला एकदाबी हटकलं न्हाई."

तिच्याइतका देवावर भरवसा असता तर माझं पुढचं सगळं टळलं असतं.

मतदानाच्या दोन दिवस आधी शालनचा नवरा दुकानात आला. चहा घेतला. मग दारात उभं राहून वर पाहिलं. दुकानापुढे आम्ही नुकताच नवा पत्रा टाकला होता. "पत्रा झ्याक हाय, भाभी," तो म्हणाला. "रस्त्यात आलाय जरासा. पन असू द्या, घरचंच हाय." एवढंच. तो गेल्यावर आमचे हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोठे शेठ म्हणायचे ते बरोबर होतं. आपण गावाबरोबर."

मतदानाला शाळेत रांग होती. कांदालागवड बुडवून आलेल्या बाया, नखांत माती, कुणाचं पोर कडेवर. टेबलापाशी बसलेल्या बाईनं बोटाला शाई लावली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे मी उभी राहिले. पाच नावं, पाच चिन्हं. माझं बोट पंख्यापर्यंत गेलं होतं, खोटं सांगत नाही. मग मला वाटलं, सुमन पडणारच आहे. माझ्या एका मतानं ती काही निवडून येत नाही. आणि मशीनवार मोजणी होते, आमच्या वॉर्डातून कुणाला किती पडली ते कळतं, आणि पंख्याला मत देणारी माणसं गावात मोजकीच. मोजून काढायला किती वेळ लागतो? मी कपाटासमोरचं बटण दाबलं. मशीन लांबलचक वाजलं. बाहेर आले तर फाटकापलीकडे आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या पल्याड सुमन उभी होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली, आणि शाईचं बोट वर करून दाखवलं. ते बोट मी का दाखवलं ते मला आजही कळत नाही.

मत गुप्त का असतं यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. दुबळ्या माणसाला कुणी धमकावू नये म्हणून तो पुठ्ठ्याचा आडोसा असतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. तो आडोसा बाहेरची नजर अडवतो, यात शंका नाही. पण मी भीती बरोबर घेऊनच आत गेले, आणि तिला कुणी ओळखपत्र मागितलं नाही. त्या आडोशात माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नव्हती. म्हणून तर तो दोष दुसऱ्या कुणाच्या पदरात टाकता येत नाही. शालनच्या नवऱ्यानं फक्त पत्र्याकडे पाहिलं होतं, बाकीचं मी केलं.

मोजणी जुन्नरला झाली. दुपारीच गुलाल गावात आला. शालन निवडून आली होती. ट्रॅक्टरवर तिला बसवलं होतं, पदर ओढून, आणि तिच्यापुढे तिचा नवरा दोन्ही हात जोडून उभा. मिरवणूक दुकानावरून गेली तेव्हा शालननं एकदा आमच्या पायरीकडे पाहिलं. गुलालानं तिचे डोळे लाल झाले होते. सुमनला साऱ्या गावातून एकवीस मतं पडली होती.

दुसऱ्या दिवशी सुमन आली. मला वाटलं होतं, तोंड लपवील. तर ती पायरीवर बसली, पदरानं वारा घेतला आणि हसली. "पंख्यानं वारा काय आला न्हाई भाभी." मग ती बोटं मोडून मोजू लागली. "घरातली दोन. वस्तीवरची अकरा, ती कुटं जानार, त्यांचीच पोरं हायती. म्हंजे तेरा. माझ्या मावसबहिनीची चार, सतरा. शाळंत खिचडी शिजवत्यात त्या दोघी, येकुनीस. गिरनीवाला बाबा, ईस." मग तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आन् येकईसावं तुमचं. गावात कुनी न्हाई दिलं, पन तुमी शब्द पाळला."

मी पाणी आणायला आत गेले. माठापाशी उभी राहिले. तांब्या भरून वाहायला लागला तरी उभीच होते. बाहेर येऊन सांगायचं असं ठरवलं होतं. बाहेर आले, तर ती म्हणाली, "दिराचं न्हाई मला काई. गडीमानूस हाय. पन शालन उभी ऱ्हायली माझ्यासमोर. तिनं तोंडानं न्हाई म्हनायचं व्हतं." मी पाण्याचा तांब्या पुढे केला. सांगायचं राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू असं पुढचे चार दिवस मी म्हणत होते. मग ते म्हणणंही थांबलं.

आणि मग सुरू झालं सुमनचं देणं. पहिल्या काढणीची मेथी आली की एक जुडी दुकानात. हरभरा आला की डहाळा. गाय व्याली की खरवस. शेंगा, वाटाणा, चुलीवर भाजलेली कणसं. मी नको म्हटलं की म्हणायची, "असू द्या. तुमी माझ्या हायेत." मी ते सगळं घेतलं. खाल्लं. खरवस तर आमच्या घरात भांडून खाल्ला जातो.

आमच्यात भाद्रपदात संवत्सरीच्या दिवशी वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात. मनानं, वाणीनं, शरीरानं, जाणता-अजाणता दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम. आम्ही घरच्यांना म्हणतो, नातेवाइकांना म्हणतो, गिऱ्हाइकांनाही म्हणतो. आता तर फोनवर एकच संदेश दोनशे जणांना जातो. सुमनला मात्र मी दर वर्षी समोर उभं राहून, हात जोडून म्हणायची. ती खुळ्यासारखी हसायची. "तुमी काय केलंय माझं? उगं पाप लावता का मला?" मला वाटायचं, झालं. मागितली क्षमा, दिली तिनं. आमचा धर्म मोठा सोयीचा आहे असं मी तेव्हा समजत होते. पाच वर्षांत मी पाचदा क्षमा मागितली आणि एकदाही कशाची ते सांगितलं नाही. हा दोष धर्माचा नाही. धर्मानं चूक आठवायला सांगितली होती, मी झाकायला शिकले.

तिसऱ्या वर्षी शालन दुकानात आली. सरपंच म्हणून सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवायचा होता, तिला साडी हवी होती. नवरा बाहेर गाडीपाशी फोनवर होता. साडी बघता बघता ती खाली मान घालून म्हणाली, "भाभी, कुनाला सांगनार न्हाई ना?" मी नाही म्हटलं. "मी माजं बटन दाबलंच न्हाई. सुमनचं दाबलं."

मला आधी कळलंच नाही. ती पुढे बोलत राहिली. "यांनी आमाला समद्यास्नी देवापुढं उभं केलं व्हतं. घरातल्या मानसालाच मत दीन म्हनून भंडारा उचलायला लावला. मी उचलला. मंग आत गेले आन् म्हनलं, सुमन काय परकी हाय व्हय? पोरं माजीबी त्याच वाटंनं शाळंत गेली. तिचं खरं व्हतं." तिनं साडीचा काठ बोटांनी सरळ केला. "तिला कळलं तर ती यांच्या तोंडावर बोलंल. मग मला घरात ऱ्हानं अवघड करत्याल. म्हनून सांगू नका."

तेव्हा मला हिशेब लागला. मी शालनला मत दिलं होतं, आणि शालननं सुमनला. त्याच वर्षी उन्हाळ्यात वस्तीच्या वाटेवर सात खांब उभे राहिले, दिवे लागले. वाट रुंद झाली नाही, पण उजेड आला. नवरा म्हणे दोन महिने शालनशी बोलत नव्हता. गावानं श्रेय आमदाराला दिलं. सुमन म्हणाली, "मला खिजवायला लावल्यात." आता तर माझ्याकडे गप्प राहायला चांगलं कारणही होतं, शालनला शब्द दिला होता. एक शब्द मोडून बसलेली बाई दुसरा शब्द किती निष्ठेनं पाळते ते पाहण्यासारखं असतं.

आता शालनची मुदत संपली. यंदा जागा खुली आहे, सात पुरुष उभे आहेत, त्यात तिचा नवराही आहे. रस्त्यानं भोंगे फिरतात. सुमन यंदा कशातच नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, निवडणुकीनंतर पंधरा दिवसांनी.

काल ती त्याच्याच खरेदीला आली. नवरीचा शालू झाला, आहेराच्या साड्या झाल्या. मग म्हणाली, "आता एक भारीतली काढा. तुमच्या आवडीची. तुमाला आवडंल तीच." मी मोरपिशी काढली. तिनं ती उलगडून माझ्याच खांद्यावर टाकली.

"ही तुमाला. पोरीच्या काकूच्या मानाची. हळद लावायला पयली काकू लागती, आन् तिची काकू मेलीच माझ्यासाठी. भाभी, तिच्या जागी तुमी उभ्या ऱ्हावा."

साडी माझ्या खांद्यावर होती. मला तिचं वजन लागत होतं. पाच वर्षं मेथी, हरभरा, खरवस घेतला, ते गिळलं. पण त्या मुलीच्या अंगाला शालनच्या ऐवजी माझा हात लागणार होता, आणि शालन त्या मांडवात नसणार होती. मी साडी काढून काउंटरवर ठेवली.

"सुमन, एकविसावं मत माझं नव्हतं."

ती हसली. तिला थट्टा वाटली. मग माझा चेहरा पाहिला.

"मी तुला मत दिलं नाही. शब्द दिला होता, आणि दिलं नाही. पत्र्याला घाबरले. तू मोजलंस तेव्हा सांगायला पाहिजे होतं, तेव्हाही घाबरले."

ती उभीच होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मग तिची बोटं हलायला लागली. दोन, तेरा, सतरा, एकोणीस, वीस. तिथे येऊन थांबली. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"मंग कुनाचं?"

"ते मला सांगता येत नाही. मी शब्द दिलाय."

"म्हंजे तुमाला म्हाईत हाय. म्हंजे तिनं तुमाला हितंच बसून सांगितलं." ती स्वतःशीच बोलत होती. "बाईच असनार. आन् जिला नाव फुटायची भीती हाय अशी." तिनं दारातून बाहेर पाहिलं. "ते दिवं," ती म्हणाली, आणि खाली बसली.

मी पाणी आणलं नाही. या वेळी समोरच उभी राहिले. मला रडू येत होतं, पण रडायचा हक्क माझा नाही हे मला पक्कं कळत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर मी सोसलं असतं.

"मत दिलं न्हाई त्याचं काय न्हाई, भाभी. साऱ्या गावानंच न्हाई दिलं. तुमी तर येपारी मानूस." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "पन पाच वर्सं तिच्या वाटची माया मी तुमच्या दारात आनून टाकली. आन् तुमी ती घेतली."

मी हातसुद्धा जोडले नाहीत.

तिनं मोरपिशी साडी बाजूला सारली. उठून स्वतः फळीपाशी गेली, चार घड्या वर-खाली केल्या आणि एक जांभळी ओढून काढली. "ही बांधा. शालनला जांभळाच लागतो." मी बांधली. माझी बोटं सुतळीत अडकली, तिनं वाट पाहिली. पिशवी घेऊन ती पायरी उतरली. मला वाटलं, मागे वळायची नाही. ती वळली.

"लग्नाला या," ती म्हणाली. "पावन्यासारख्या या."

मग ती वस्तीच्या रस्त्याला न जाता वरच्या आळीला, शालनच्या घराकडे गेली. मी मोरपिशी साडीची घडी घालून ती फळीवर परत ठेवली. लग्नाला मी जाणार आहे. मांडवात मागच्या रांगेत बसेन, आणि हळद लागेल तेव्हा मला जे दिसेल ते तिथूनच बघेन.